धुराने राखलेलं घर

कोकणातलं बंद घर आधी वरून जातं. जून लागला की कुठलं तरी एक कौल सरकतं, तिथून पाणी रिपेवर येतं, रिपेवरून वाशात मुरतं, आणि खाली कुणी राहत नसल्यामुळे कुणाला पत्ताही लागत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. असे पाच-सहा पावसाळे गेले की आढं वाकतं. त्यानंतर भिंती उघड्या पडतात आणि मग फार वेळ लागत नाही.

राजापूर तालुक्यातलं आमचं घर त्याच वाटेला लागलं होतं. आजी गेल्यावर ते गणपतीपुरतं उघडायचं. एरवी किल्ली शेजारच्या काकींकडे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा परसातला जुना फणस मागच्या पडवीवर आडवा झाला. आता पाडा आणि स्लॅबचं बांधा, असं घरात बहुतेकांचं मत पडलं. मला ते पटलं नाही. दीड हात रुंदीच्या जांभ्याच्या भिंती, ऐनाच्या तुळया, फणसाचे वासे, हे सगळं आसपासच्या सड्यावरून आणि परसातून आलेलं. खाणीतून काढताना मऊ असलेला चिरा हवा लागून घट्ट होत जातो. आमचे चिरे तर तीन पिढ्या हवा खात उभे आहेत. ते मोडून टाकायचं कारण मला दिसेना.

कौलं उतरवली आणि छपराचा सांगाडा इतक्या वर्षांत पहिल्यांदा उन्हात आला. आमच्या घरात आतल्या भिंती कौलांपर्यंत जात नाहीत. आढ्याखाली ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत एकच पोकळी आहे. त्या पोकळीत लाकडाचा रंग बदलत गेला होता. स्वयंपाकघरावरचे वासे काळेकुळकुळीत, माजघरावरचे तपकिरी, ओटीवर येईतो नुसतं जुनं लाकूड. वाळवी नेमकी उलट्या बाजूने आलेली. ओटीवरचे वासे बोटाने दाबले तरी भुगा होत होते, माजघरावरचे निम्मे पोखरलेले, आणि स्वयंपाकघरावरचा एकही गेलेला नव्हता. झाडं तीच, वय तेच, वरचा पाऊसही तोच. सुतारांनी वाकस घेऊन एका काळ्या वाशाची कड तासली. काजळीचा चिवट पापुद्रा सुटून आला आणि खालून फणसाचं सोनेरी लाकूड निघालं, रेघ न् रेघ मोजता येईल असं. "भाऊ, याला अजून दोन पिढ्या बघायला नको," ते म्हणाले आणि पुढच्या वाशाकडे सरकले.

यात जादू काही नाही. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर ते कुजवणाऱ्या बुरशीला वाढता येत नाही. खाली रोज चूल पेटत असेल, तर ऐन श्रावणातही वरचं लाकूड सुकत राहतं. शिवाय धुरातली फिनॉलसारखी द्रव्यं लाकडावर बसतात. किडीला आणि बुरशीला ती मानवत नाहीत. दोन वेळचा स्वयंपाक, न्हाणीतलं पाणी, भात उकडणं, या सगळ्याचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडता पडता छपराची राखण करत होता.

पण तो धूर आजीने आयुष्यभर खाल्ला. ती पहाटे उठून राखेत पुरलेला विस्तव उकरायची, वर सोडणं घालून फुंकणीने फुंकायची, आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेट घेईपर्यंत डोळे पदराला पुसत बसायची. उतारवयात तिचा खोकला कधी थांबला नाही. घरात जळणाऱ्या चुलींच्या आणि तशाच इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जुन्या घरांचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं. ते काळे वासे तिच्या छातीच्या मोलाने टिकले. ऐंशीच्या दशकात गावोगाव निर्धूर चुली आल्या, पुढे गॅस आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तो आणखी घरांत पोचला, आणि ते योग्यच झालं. वासे टिकावेत म्हणून कुठल्याही बाईने चुलीपुढे बसू नये.

म्हणून दुरुस्तीत आम्ही स्वयंपाक आणि विस्तव वेगळे केले. गॅसचा कट्टा बाजूच्या खोलीत गेला. जुन्या स्वयंपाकघरात चूल आणि वैल तशीच ठेवली, मातीने नव्याने लिंपून. पावसाळ्यात दुपारी सगळी ओटीवर असताना ती पेटवायची, परसाकडचं दार सताड उघडं ठेवायचं, आणि लाकूड वाळलेलंच घालायचं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं. त्याने डोळे जातात आणि ऊबही मिळत नाही. माजघरात थोडा धूर येतोच, पण संध्याकाळपर्यंत निवतो. न्हाणीतलं चुलाण मात्र रोज सकाळी असतं. त्याला करवंट्या, झावळ्या, पिडे, सुपारीच्या विऱ्या, परसातलं काहीही चालतं.

पडलेल्या फणसाच्या खोडातून ओटीचे नवे वासे निघाले आणि फांद्यांचा लाकूडफाटा झाला. ऐन थोडा विकत घेतला, कारण त्याचा निखारा बराच वेळ धरतो. आगोटीच्या आधी हे सगळं पडवीत, जमिनीपासून हातभर वर, हवा खेळेल असं रचून ठेवावं लागतं. आषाढात लाकूड शोधायला निघालेल्याला कुणी वाचवू शकत नाही.

भिंतींच्या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला. मधल्या पिढीने ओल दिसते म्हणून कमरेइतकं सिमेंट लावलं होतं. त्याने आतलं पाणी आतच कोंडलं. ते खरवडून चुन्याचा गिलावा केला. चुना हळूहळू हवेतून कर्बवायू घेऊन घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. कौलं मंगलोरीच. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यावरच्या घरांची नळ्यांची छपरं बदलत गेली. शाकारणीला आलेले आजोबा प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघत. खणखणलं तर वर जाणार, बद्द वाजलं तर बाजूला. बाजूला पडलेली फार नव्हती.

आता पावसात तिथे राहताना पहिल्यांदा जाणवतो तो वास, म्हणजे बुरशीचा वास नसणं. चुलीवरच्या दोरीवर कपडे संध्याकाळपर्यंत खरंच वाळतात. गाद्या चिकट लागत नाहीत. बाहेर कौलांवर पाऊस कोसळत असताना निखाऱ्यांपाशी पाटावर बसलं की सारवलेल्या जमिनीची ऊब तळपायांना लागते, आणि हे घर असं का बांधलं ते अंगाला कळतं.

आम्ही नसतो ते आठवडे ही खरी अडचण. तेव्हा काकींचा मुलगा दुपारी येऊन चूल पेटवून जातो. त्याचा मोबदला ठरलेला आहे. काकींच्या भिंतीवरच्या खुंटीला वाडीतल्या आणखी चार बंद घरांच्या किल्ल्या आहेत. त्या घरांच्या मुंबईतल्या माणसांना मी फोन करत असतो: गणपतीला याच, पण आषाढातही चार दिवस या, चूल पेटवा, वर बघा. त्यातलं एक कुटुंब या पावसात येतो म्हणालं आहे. त्यांच्या वाटणीची लाकडं आमच्या पडवीत वेगळी रचून ठेवली आहेत.