आकेरीचा वाडा आणि अर्धे राहिलेले प्रश्न

माझं माहेर गोकाकचं, शिक्षण सगळं कन्नडमधून. लग्न होऊन बेळगावला आले तेव्हा मराठी बोलता येत होतं. पण सासूबाईंची मालवणी कानावर पडली की मी नुसती हसून मान हलवायची. त्या सावंतवाडीकडच्या. ती मालवणी मला शिकवली एका मालिकेनं.

२०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. रात्री साडेदहाला आमच्या घरचे सगळे दिवे बंद. अण्णा नाईक जातात, मुलंबाळं वाड्यात जमतात आणि एकेक विचित्र प्रकार सुरू होतात, अशी सुरुवात. माई, दत्ता, सरिता, पांडू मालवणीत बोलायचे आणि सासूबाई मला हळूच अर्थ सांगायच्या. पांडूचं ‘इसरलंय’ म्हणजे ‘विसरलो’, हा माझा पहिला धडा. गोकाकहून अव्वाचा सकाळी फोन यायचा, “मुंद एनात?” पुढं काय झालं? तिला चित्र कळायचं, बोलणं कळायचं नाही. मग ते सगळं मी कन्नडमधून सांगायची.

सासूबाईंनी दिनदर्शिकेच्या पाठीमागं प्रश्न लिहायला सुरुवात केली. हे कोणी केलं? ते कुणाला कसं दिसलं? अण्णांची मुलगी म्हणून आलेल्या सुषमाचा हक्क किती? घरातली नीलिमा प्रत्येक गोष्टीचं शास्त्रीय कारण शोधायची, बाकीचे देवाला गाऱ्हाणं घालायचे. मालिका दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवत गेली. ऑक्टोबरमध्ये पहिलं पर्व संपलं. शेवटाकडं पोलिसतपास आला, बोट माणसांकडं गेलं. पण सासूबाईंच्या यादीतले कितीतरी प्रश्न तसेच राहिले. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं, ते कथा मागं घेऊन गेलं. अण्णा आणि शेवंता जिवंत असतानाच्या काळात. २०२१ मध्ये तिसरं आलं, त्यात ती दोघं उघडउघड भुतं होऊन वाड्यात वावरू लागली. म्हणजे मग पहिल्या पर्वात खरं काय होतं? सासूबाई वैतागून म्हणाल्या, “आमच्या घरचं पण असंच. कुणी काही सांगितलं नाही, दार लावून घेतलं.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की यादीत एक प्रश्न मालिकेतला नव्हता.

त्यांचे वडील गेले तेव्हा बाराव्यालाच भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं. यांनी मुकाट्यानं सही केली. जमीन नको, घर नको. फक्त आईची पितळी समई द्या, एवढंच म्हणाल्या. समई मिळाली नाही. कुठं गेली, तेही कुणी सांगितलं नाही. त्यानंतर एकोणीस वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या.

गेल्या डिसेंबरात मी म्हटलं, “आई, मालिकेतला वाडा बघायला जाऊया?” त्या लगेच तयार झाल्या. माहेराचं नाव काढलं असतं, तर झाल्या नसत्या.

वाचकांपैकी पुष्कळांना हा रस्ता पाठ असेल. बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, कानूर करत आंबोली. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी थांबलो. हीच नदी पुढं आजरा, गडहिंग्लजवरून आपल्या संकेश्वरला येते आणि घटप्रभेला मिळते. म्हणजे सासूबाईंच्या डोंगरातलं पाणी माझ्या माहेराकडं वाहतं. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, “पाण्याला कुणी सही करायला सांगत नाही.” घाट उतरलो, दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीला हात जोडले. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठी चहा झाला, चितारआळीत नातवासाठी लाकडी फळं घेतली. तिथून कुडाळच्या बाजूला दहाएक किलोमीटरवर आकेरी.

वाडा बघून मी जरा हिरमुसलेच. टीव्हीवर तो रात्रीचा, धुरातला, छाती दडपणारा. इथं झाडांच्या सावलीत शांत उभं असलेलं कौलारू घर. ते खाजगी घर आहे, म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिलं. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “दिवसा बघितलं की घर घरासारखंच दिसतं.”

गावातल्या जुन्या रामेश्वराच्या देवळात गेलो. दर्शन घेऊन पायऱ्यांवर बसल्या आणि एकदम मालवणीत म्हणाल्या, “इलंयच तर घराकडे जावन येवया.”

माहेर तिथून पाच-सहा किलोमीटर. धाकटे मामा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर उठले आणि त्यांना काय करावं सुचेना; हातातला कोयता खाली ठेवला, परत उचलला. मामींनी सोलकढी आणली, जेवायला बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. हात धुताना सासूबाईंनी सरळ विचारलं, “आवशीची समई खंय गेली?”

मामा गप्प झाले. मग म्हणाले, मोठ्या भावानं मुंबईला नेली. तो जाऊन सहा वर्षं झाली, ती खोलीही विकली. समईचं पुढं काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. “तुका सांगूक होया होता,” एवढं म्हणून ते बागेकडं बघत राहिले.

निघताना मामींनी नारळ आणि खाजा दिला. मामा गाडीपर्यंत आले. पुन्हा या, असं कुणी मोठ्यानं म्हणालं नाही. पण मामांनी गाडीचं दार आपल्या हातानं लावलं आणि काचेवर हात ठेवून उभे राहिले.

घाट चढताना मी विचारलं, “आई, उत्तर मिळालं नाहीच की हो.”

“नाय मिळाला,” त्या म्हणाल्या. “पण इचारलंय तरी.”

रात्री अव्वाचा फोन आला. वाडा बघितलास का, मुंद एनात? मी सांगायला लागले आणि अर्धा तास झाला तरी वाड्यापर्यंत पोचलेच नाही.