मागे सोडलेली जागा

रायगडातल्या माणसाला कुठलाही सांघिक खेळ दाखवा, तो आधी बचाव बघतो. कर्जत-खालापूरच्या गावांत मातीवर कबड्डीचे सामने लागले, की मांडीवर थाप मारत चढाईला निघालेल्या पोराला शिट्ट्या मिळतात. पण कडेला उकिडवे बसलेले जुने खेळाडू त्याच्याकडे बघतही नसतात. त्यांचे डोळे डाव्या कोपऱ्यावर. कोपऱ्याने भार कुठल्या पायावर घेतलाय, मधल्यांची साखळी सैल आहे की ताणलेली, आणि समोरच्याला बोनसच्या लोभाने आत ओढायला कुणी मुद्दाम अर्धं पाऊल मागे घेतलंय का. घोटा हातात आला की सगळेच ओरडतात. ते मागे घेतलेलं अर्धं पाऊल ज्याला दिसलं, तो मात्र पकड होण्याआधीच हसलेला असतो.

आमच्या आळीतले एक काका त्यांतलेच. तरुणपणी डावा कोपरा खेळायचे, आता गुडघे साथ देत नाहीत. टीव्हीवर मुंबई सिटीचा सामना असला की येऊन बसतात. फुटबॉलचे सगळे नियम त्यांना अजून धड ठाऊक नाहीत, तरी पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा ठरलेला प्रश्न येतोच: “अरे, ही पोरं मागे एवढं रान मोकळं सोडून कशाला उभी राहतात?”

मुंबई सिटीच्या बचावाबद्दल जे काही बोलायचं, ते या प्रश्नातच आलं.

२०१९ च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा मोठा हिस्सा विकत घेतला. पुढच्या वर्षी एफसी गोवा सांभाळलेले सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि आपली जुनी माणसंही त्यांना येऊन मिळाली. सेनेगलचा ताडमाड मुर्तदा फॉल, मोरोक्कोचा अहमद जाहू, गोव्याचा मंदार राव देसाई. मंदार मूळचा विंगर, म्हणजे कडेने धावत सुटून समोरच्याला हैराण करणारा. लोबेरांनी त्याला बचावात आणून उभा केला. ज्याला पुढे पळायची खोड आहे तोच माणूस राखणीला ठेवणारा प्रशिक्षक बचाव कशाला म्हणत असेल, हे त्या एका निवडीवरून कळावं.

गोलरक्षक अमरिंदर सिंगने चेंडू उगाच लांब भिरकावायचा नाही. जाहूने खाली उतरून दोन मधल्या बचावपटूंच्या शेजारी तो घ्यायचा. डाव्या-उजव्या बाजूचे बॅक एव्हाना पुढे चढलेले, आणि मागे उरलेले दोघे जवळजवळ मध्यरेषेपाशी. त्यांच्या आणि गोलरक्षकाच्या मध्ये नुसतं गवत. चेंडू गेला तर मागे पळायचं नाही. जिथे गेला तिथेच चार-पाच जणांनी तुटून पडायचं, तेही पहिल्या काही सेकंदांत. ते जमलं तर समोरच्याला ते मोकळं गवत दिसतं, पण तिथे पोचता येत नाही. नाही जमलं, तर एक सरळ पास आणि खेळ खलास.

आकडे बघणाऱ्याला हा बचाव फारसा आवडणार नाही. २०२०-२१ च्या मोसमात इंडियन सुपर लीगच्या वीस सामन्यांत मुंबईने १८ गोल खाल्ले, एटीके मोहन बागानने १५. गुण दोघांचेही ४०. आपसातल्या सामन्यांवर लीग शील्ड मुंबईला मिळाली. शील्ड ठरवणारा त्यांच्यातला सामना मुंबईने २-० जिंकला, आणि सातव्याच मिनिटाला पहिला गोल कुणाचा, तर फॉलचा, डोक्याने. बचावपटूचं मोल तो स्वतःच्या गोलासमोर काय करतो यावर ठरवायचं, की दुसऱ्याच्या गोलासमोर, असा पेच या माणसाने लीगभर घालून ठेवला होता.

मग १३ मार्च २०२१ चा अंतिम सामना. मडगावचं फातोर्डा मैदान, कोरोनामुळे रिकामे स्टँड, समोर पुन्हा मोहन बागान. अठराव्या मिनिटाला जाहूने आपल्याच पेनल्टी क्षेत्रापाशी चेंडू पायात घोळवत ठेवला, रॉय कृष्णाने तो हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल केला. त्या क्षणी काका उठून उभे राहिले होते. “देऊन टाकला! हातातला देऊन टाकला!” त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण पुढच्या अकरा मिनिटांत त्याच जाहूने तसाच मागून, तसाच निवांत मान वर करून, बिपिन सिंगसाठी एक लांब चेंडू टाकला. बागानचा स्पॅनिश बचावपटू तिरी तो तोडायला उडाला आणि त्याच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला. एकच माणूस, एकच सवय. एकदा अंगावर आली, एकदा कामाला आली. मला विचाराल तर जाहूने पहिल्या चुकीनंतर घाबरून चेंडू नुसते लाथाडायला सुरुवात केली असती, तर मुंबई तिथेच हरली असती.

त्या सामन्यातली आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. मध्यंतर जवळ आलं असताना मुंबईचाच पोरगा, राइट बॅक अमेय रानवडे, धडकेत डोक्याला मार लागून कोसळला. मैदानात रुग्णवाहिका आली. रिकाम्या स्टेडियममध्ये खेळाडूंच्या हाका टीव्हीवरही स्पष्ट ऐकू येत होत्या. पुढे तो बरा असल्याचं कळलं. नव्वदाव्या मिनिटाला बिपिनने गोल करून करंडक मुंबईला दिला, तेव्हा रानवडे मैदानावर नव्हता.

काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते फुटबॉलच्या पुस्तकातलं नाही, खालापूर तालुक्यातलं आहे. चावणीजवळची उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखानाने धाडलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या अंगाने कुरवंड्याच्या घाटातून कोकणात उतरला, सोबत माहूरची रायबागन. घाट उतरताना त्याला कुणीही अडवलं नाही. घाटमाथ्यावर चार बुरूज बांधून त्याला थोपवणं ही एक रीत झाली. शिवाजी महाराजांनी ती वापरली नाही. फौज पार खिंडीत येऊ दिली. दोन्ही अंगांना गच्च रान, वाट एका नळीसारखी, पाण्याचे हाल. मग पुढून महाराज, मागून नेताजी पालकर. नेताजी आमच्या चौकचे, असं इकडे अभिमानाने सांगतात. रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला, सामानसुमान टाकून मागे फिरला.

इथे जिंकलं कोण, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला विचार करावासा वाटतो तो नेताजींचा. पुढचं तोंड अडवणं दिसतं, त्याची वर्णनं होतात. पण मागचं तोंड वेळेवर मिटलं नसतं, तर ती खिंड नव्हती, नुसता रस्ता होता. मुंबई सिटीच्या उंच रेषेचंही, म्हणजे मध्यरेषेपाशी उभ्या बचावाचंही, सगळं यावरच अवलंबून. समोरच्याला आत येऊ देण्यात धाडस नाही, ते कुणीही करतं. तो आत आल्यावर मागून कोण मिटवतो, हे विचारायचं. ऑफसाइडच्या सापळ्यात चौघांनी एका श्वासात पुढे पाऊल टाकायचं असतं. तिघांनी टाकलं आणि चौथा रेंगाळला, तर त्या तिघांचं शहाणपणही मातीत.

आणि डोंगर आपले असावे लागतात, हेही आहेच. २०२३ च्या ऑक्टोबरात एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सौदीच्या अल हिलालने रियाधमध्ये मुंबईला ६-० असं झोडपलं. परतीचा सामना ६ नोव्हेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होता. कर्जतकरांना मुंबईचा सामना इतका जवळ क्वचितच येतो. चौक, पनवेल, नेरुळ, गाडी वाहतुकीत अडकली नाही तर सुखाचा रस्ता. काकांनाही नेलं. मैदानात बसून बघितलं की टीव्ही काय काय लपवतो ते कळतं. टीव्ही चेंडूमागे जातो. इथे चेंडू पार पलीकडच्या कोपऱ्यात असतानाही या टोकाचा बॅक सारखा मान वळवत होता, एकदा चेंडूकडे, एकदा पाठीमागच्या माणसाकडे, आणि हात आडवा धरून शेजाऱ्याला ‘अजून आत, अजून आत’ म्हणत होता. गोलरक्षक तर एक मिनिट गप्प नाही. त्या रात्री मुंबईने रेषा बरीच खाली घेतली होती. मध्यंतरापर्यंत ०-०. शेवटी ०-२.

काका खूश. “आज खेळली पोरं. सहाचे दोन केले.”

मी खूश नव्हतो. खाली दाटीवाटीने उभं राहिल्यावर मोकळी जागा उरत नाही, तशी चेंडू मिळाल्यावर द्यायला पुढे माणूसही उरत नाही. मिळालेला चेंडू दोन पासांत पुन्हा हिलालकडे. हा बचाव मान्य करण्याजोगा होता, बघण्याजोगा नव्हता. त्यावर परतीच्या वाटेवर खोपोली फाट्यापर्यंत आमचा वाद झाला. काका म्हणाले, हरताना कमी मार खाणं हीसुद्धा एक कला आहे, आणि कबड्डीत तिघे उरल्यावर ती ज्याला येते तोच अव्वल पकड करतो. यावर मला लगेच काही सुचलं नाही.

त्याच मोसमात, ४ मे २०२४ ला, कोलकात्याच्या गच्च भरलेल्या सॉल्ट लेकवर मुंबईने मोहन बागानला ३-१ हरवून दुसऱ्यांदा करंडक घेतला. मुंबईच्या ताफ्यात आता कोण होता? तिरी. फातोर्डावर ज्याच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला तोच. कर्णधार राहुल भेके, जन्माने मुंबईकर. २०१९ चा अंतिम सामना मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर झाला, तेव्हा बेंगळुरूकडून खेळताना ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर डोक्याने गोल करून त्याने लोबेरांच्याच गोव्याला हरवलं होतं. रियाधमध्ये एप्रिल २०२२ ला इराकच्या अल कुवा अल जवियाविरुद्धही विजयी गोल त्याचाच. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. बचावपटूच्या नावावर एवढं असावं आणि तरी रस्त्यात त्याला फार जणांनी ओळखू नये, हे या जागेचं नशीबच आहे.

करंडकानंतर भेके बेंगळुरूला परत गेला. २९ मार्च २०२५ ला बाद फेरीत कांतीरवा मैदानावर बेंगळुरूने मुंबईला ५-० असं उधळलं. मागचं गवत तेवढंच होतं. ते मिटवणारे मात्र दरवर्षी थोडे थोडे पांगत गेलेले; फॉल नाही, जाहू नाही, मंदार नाही, आता भेकेही नाही. नवा बचावपटू बाजारात मिळतो. कुणाच्या खांद्याकडे बघून केव्हा पाऊल पुढे टाकायचं, हे त्याला शेजाऱ्याबरोबर निदान एक मोसम हरत-जिंकत शिकावं लागतं, आणि क्लबांना तेवढा धीर नसतो.

“आतातरी मागे घेतील का रे?” पाचवा गोल झाल्यावर काकांनी विचारलं.

मी म्हटलं, घेऊ नये. चौघं बदला, गोलरक्षक बदला, हवं तर प्रशिक्षकही बदला. पण उभं तिथेच राहा, मध्यरेषेपाशी. काकांनी मान हलवली, ती होकाराची नव्हती.