नव्या मोटारीतून नर्मदेकडे

नवी मोटार दारी आली, तिला हळदकुंकू लागले, आणि पहिला प्रवास कोठे करावयाचा याविषयी आमच्यांत दुमत झाले नाही. गुडघ्यांच्या दुखण्याने मातोश्रींना बसची पायरी चढवत नसे. त्यामुळे कित्येक वर्षे त्यांना नर्मदादर्शन घडले नव्हते.

श्रावण सरत आला होता. इंदूर सोडून महूमार्गे आम्ही निघालो. माळव्याची काळी माती सोयाबीनच्या हिरवळीखाली लपली होती. विंध्याच्या ऐन कड्यावर अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधविलेला जाम दरवाजा लागतो. येथे पठार संपते आणि खाली निमाडचा सखल प्रदेश धुक्यातून हळूहळू उलगडतो. मुलांना कौतुक वेगाचे. आम्हांला अप्रूप वाटले ते मनास येईल तेथे थांबण्याचे. झरा दिसला, थांबलो. भुट्टे भाजणारी दिसली, पुन्हा थांबलो.

महेश्वरच्या घाटाच्या पायऱ्या उतरणे मातोश्रींना शक्य नव्हते. नातवाने तांब्यातून पाणी आणले. ते डोळ्यांना लावून त्या बराच वेळ पात्राकडे पाहत बसल्या.

परतताना एवढेच म्हणाल्या, “आता कार्तिकी पौर्णिमेला यायचं हं!”

मोटारीचे हप्ते अद्याप पुष्कळ फेडावयाचे आहेत. पण कार्तिकीचा बेत मात्र त्याच क्षणी पक्का झाला.