बीबी खदीजांची पारख

गेल्या मंगळवारपर्यंत मला बीबी खदीजा हे नाव धड ठाऊक नव्हतं, आणि आज मी भेटेल त्याला धरून त्यांच्याबद्दल सांगत सुटले आहे. घरचे कंटाळलेत. तुम्हीही कंटाळाल कदाचित, पण ऐकाच!

झालं असं. माझा मसाल्यांचा लहानसा धंदा आहे. दोन पोरं माझा माल घेऊन आठवडी बाजारांना जातात. माल माझा, फिरणं त्यांचं, नफा ठरल्या हिश्श्यानं. मंगळवारी वही घेऊन बसले होते, तर शेजारच्या भाभी डोकावल्या, सगळा व्यवहार समजून घेतला आणि म्हणाल्या, "ताई, हा तर बीबी खदीजांचा धंदा झाला की!" मी विचारलं, "त्या कोण?" भाभींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी जिजाऊ कोण म्हणून विचारणाऱ्याकडे पाहिलं असतं.

त्या रात्री वाचायला बसले ती पहाटेपर्यंत उठलेच नाही. दुसऱ्या रात्रीही तेच.

मक्का म्हणजे डोंगरांमधली कोरडी खोरं. शेती नाही, झाडझाडोरा नाही. गावाचं पोट व्यापारावर. हिवाळ्यात तांडे येमेनकडे जायचे, उन्हाळ्यात शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला. आणि कुरैश जमातीच्या या गावात खुवैलिद यांची लेक खदीजा स्वतःच्या नावावर व्यापार करत होती. स्वतः तांड्याबरोबर जायच्या नाहीत. भरवशाच्या माणसाला माल द्यायचा, त्यानं विकून यायचं, नफा वाटून घ्यायचा. अरबीत याला मुदारबा म्हणतात. मधे चौदाशे वर्षं आणि एक समुद्र, पण वहीचे रकाने माझेच!

या धंद्याची मेख मला माहीत आहे. माल नजरेआड गेला की तुमच्या हातात काही उरत नाही. "ताई, आज मिरचीचा भाव पडला" असं पोरगं सांगतं, तेव्हा खरं-खोटं कशावरून ठरवणार? त्याच्या तोंडाकडे बघूनच. माझा बाजार तासाभराच्या वाटेवर आहे. त्यांचा माल आठवडेच्या आठवडे वाळवंटातून जायचा. म्हणजे या बाईंचं खरं भांडवल उंट नव्हतेच, माणसाची पारख होती! हे लक्षात आलं आणि पुढचं सगळं आयुष्य माझ्यासमोर उलगडत गेलं.

गावात एक तरुण होता. लहानपणीच पोरका झालेला, काका अबू तालिब यांच्या घरी वाढलेला. हाताशी पैसा नाही, पण लोक त्याला 'अल-अमीन' म्हणायचे, विश्वासू. त्याचं नाव मुहंमद, पुढे इस्लामचे पैगंबर झाले तेच. खदीजांनी इतरांना देत त्यापेक्षा चांगल्या अटींवर त्याला शामला धाडलं आणि मैसरा नावाचा आपला सेवक बरोबर दिला. तांडा भरघोस नफा घेऊन परतला. पण खदीजांनी नफ्याइतकाच मैसराही लक्ष देऊन ऐकला: हा माणूस वाटेत वागला कसा, बोलला कसा, सौदा कसा केला.

आणि मग? मग बाईंनी स्वतः लग्नाचा विचार पुढे केला! नफीसा या मैत्रिणीला मुहंमदांकडे पाठवलं, चाचपणी करायला. मोठमोठ्या घरची स्थळं नाकारणारी ही श्रीमंत बाई, बहुतेक चरित्रकारांच्या मते दोनदा विधवा झालेली. वय चाळीस, अशी प्रसिद्ध परंपरा आहे, काही जण अठ्ठावीस सांगतात. ते पंचवीस वर्षांचे. लग्न साधारण 595 च्या सुमाराचं. इब्न हिशामच्या चरित्रात मेहेर, म्हणजे नवऱ्यानं बायकोला लग्नात द्यायची भेट, वीस उंटिणींचा आहे. पुढची सुमारे पंचवीस वर्षं त्या घरात दुसरी बायको आली नाही, आणि तेही अनेक बायका करणं रीतीतच असलेल्या समाजात.

पण मी खरी ताडकन उठून बसले ती 610 सालाच्या प्रसंगाशी. हिरा गुहेत पहिला साक्षात्कार झाला आणि पैगंबर थरथरत घरी आले. मला पांघरूण घाला, म्हणाले. स्वतःचीच भीती वाटत होती त्यांना. अशा वेळी बायको काय बोलेल? खदीजांनी ना आकाशाची गोष्ट काढली, ना देवदूताची. त्यांनी नवऱ्याची वागणूक मोजून दाखवली. तुम्ही नाती सांभाळता, दुबळ्याचं ओझं उचलता, नसलेल्याला देता, पाहुण्याला जेवू घालता, अडलेल्याच्या मदतीला जाता. अशा माणसाला अल्लाह खाली पाहायला लावणार नाही. अहो, हा तर पंधरा वर्षांच्या संसाराचा ताळेबंद! आणि तेवढ्यावरही थांबल्या नाहीत. धर्मग्रंथांचे जाणकार असलेल्या आपल्या चुलतभावाकडे, वरका बिन नौफल यांच्याकडे नवऱ्याला घेऊन गेल्या. वरका ख्रिस्ती होते, म्हातारे, दृष्टी गेलेले. त्यांनी सगळं ऐकून ग्वाही दिली. आधी स्वतःची पारख, मग जाणकाराकडून खातरजमा. इस्लामवर पहिला विश्वास ठेवला तो या व्यापारी बाईनं.

त्याची किंमतही त्यांनीच मोजली. साधारण 616 पासून कुरैशांनी पैगंबरांच्या हाशिम घराण्यावर बहिष्कार टाकला. त्यांच्याशी सोयरीक नाही, खरेदी-विक्री नाही. दोन-तीन वर्षं ही मंडळी अबू तालिबांच्या खोऱ्यात कोंडल्यासारखी राहिली. जिच्या दारातून तांडे निघायचे, तिच्यासाठी भाचा हकीम लपूनछपून गहू आणायचा, आणि तोही एकदा कुरैशांचा पुढारी अबू जहल यानं वाटेत अडवला. 619 मध्ये बहिष्कार उठला, त्याच वर्षी खदीजा गेल्या. अबू तालिबही त्याच वर्षी गेले. त्या वर्षाला मुसलमान दुःखाचं वर्ष म्हणतात. हिजरत, म्हणजे पैगंबरांचं मक्का सोडून मदिनेला जाणं, झाली 622 मध्ये. मदिना, विजय, पुढचा सगळा विस्तार यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

पण घरातून त्या गेल्याच नाहीत! बकरी कापली की पैगंबर त्यातलं मांस खदीजांच्या मैत्रिणींना धाडायचे. एकदा खदीजांची बहीण हाला दाराशी आली. तिचा आवाज बहिणीसारखाच, तो कानावर पडताच ते हलले. आणि हे सगळं सांगतं कोण? आयशा, पैगंबरांची नंतरची पत्नी. आपल्याला सर्वात जास्त असूया वाटली ती या गेलेल्या बाईंची, असं त्यांनी मोकळेपणानं सांगून ठेवलंय.

आणि शेवटची गोष्ट, जी वाचून मी दिवा मालवला. 624 मध्ये मक्केकर आणि मुसलमान यांच्यात बद्रची लढाई झाली. मक्केचे कैदी मदिनेत आले, त्यांत पैगंबरांचा जावईही होता, अबुल आस, हालांचाच मुलगा. त्याच्या सुटकेसाठी लेक झैनबनं मक्केहून खंडणी पाठवली. त्यात एक हार होता. खदीजांनी लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घातलेला. तो पाहून पैगंबरांना भरून आलं. सोबत्यांना त्यांनी एवढंच म्हटलं की तुम्हाला योग्य वाटत असेल तर कैदी सोडा आणि तिचं तिला परत द्या. सोबत्यांनी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे सांगायला धावत भाभींकडे गेले, जणू मीच शोधून काढलंय. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं, ओढणीनं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, ताई. पण तुमच्या तोंडून आज नवं वाटलं. आता धाकट्या लेकीचं ऐकायचंय का, फातिमांचं? बसा, चहा टाकते."

वही घरी उघडी पडली होती. मी बसले.