तारखेतील तिरपी रेघ

तारीख ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्याविषयी संशय घ्यावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात ती रोज लिहावी व रोज पुसावी, एवढाच तिचा आपला संबंध. परंतु ०७/०४/२०१२ हे अंक एखाद्या अमेरिकन मुलापुढे ठेवले, तर तो ४ जुलै असे वाचील. आपण ७ एप्रिल म्हणतो. आपापल्या देशी दोघांचेही वाचन बिनचूक. ज्या यंत्राला देशच नाही, त्याने मात्र काय वाचावे?

शाळेचे जुने पट संगणकावर चढविण्याचे काम निघाले, तेव्हा हा प्रश्न आमच्या दारी आला. त्यासाठी बाहेरून करून घेतलेली आज्ञावली पीएचपी ह्या भाषेत लिहिलेली होती. रासमुस लेर्डोर्फ ह्यांनी १९९५ साली ही भाषा प्रथम लोकांपुढे ठेवली, आणि आजही असंख्य संकेतस्थळे तिच्याच बळावर चालतात. आमच्या कारकुनांची तक्रार अशी की, यंत्र काही जन्मतारखा मुकाट्याने घेते व काही साफ नाकारते. आज्ञावली करणाऱ्यांनी दोन-चार तारखा घालून पाहिल्या. त्या बरोबर निघाल्या. साहजिकच कारकुनांच्याच हातास दोष देण्यात आला!

पुढे एके दिवशी आठवीतील एका मुलीची आई दाखल्याचा कागद घेऊन आली. त्यावर जन्मतारीख ४ जुलै २०१२ अशी छापलेली होती. "सर, ही ईस्टरच्या आदल्या दिवशी झाली," ती म्हणाली. "जुलैत कधी ईस्टर आला होता का?" २०१२ साली ईस्टर ८ एप्रिलला होता. बाईंचे म्हणणे अचूक होते, आणि प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. शाळेच्या पटावरील तारीखच दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. तेथून ती नोकरीत, पारपत्रावर, निवृत्तीपर्यंत माणसाची पाठ सोडत नाही.

अखेर आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मूळ शोधून काढले. पीएचपीमध्ये मजकुरावरून तारीख ओळखणारी 'स्ट्रटोटाइम' नावाची एक सोय आहे. तिचा नियम असा: अंकांमध्ये तिरपी रेघ दिसली की अमेरिकन रीतीने महिना आधी वाचावयाचा, आडवी रेघ असून वर्ष चार अंकी असेल, तर दिवस आधी. आता १३/०४/२०१२ लिहा. तेरावा महिना नसल्यामुळे यंत्र नकार देते. परंतु ०७/०४ मध्ये त्यास काहीच वावगे दिसत नाही, म्हणून ते निःशंकपणे जुलै मानून पुढे जाते.

गणिताच्या तासाला मी हे मुलांपुढे ठेवले. प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस, म्हणजे वर्षाचे १४४ दिवस यंत्र स्वीकारणार. त्यांपैकी ०१/०१, ०२/०२ असे १२ दिवस उलटले तरी तेच राहतात. उरलेले १३२ दिवस चुपचाप बदलणार, आणि ३६५ पैकी २२१ दिवस नाकारले जाणार. गंमत पुढेच आहे. नाकारलेल्या तारखा कारकुनांनी कंटाळून आडवी रेघ घालून पुन्हा लिहिल्या होत्या, त्यामुळे त्या सर्व बरोबर बसल्या. ज्यांनी त्रास दिला त्या शुद्ध, आणि ज्या सुखाने आत गेल्या त्यांतच घोटाळा!

ह्याच भाषेतील आणखी एक दोष तर केवळ महिनाअखेरीस दर्शन देतो. वर्ष व महिना एवढेच सांगून तारीख करावयास लावली, तर उणा दिवस यंत्र कित्येकदा त्या दिवशीच्या तारखेवरून भरते. ३१ जानेवारी २०२४ रोजी कोणी असा फेब्रुवारी २०२४ मागितला असता, तर ३१ फेब्रुवारी नसल्याने हाती २ मार्च आला असता. दुसऱ्या दिवशी, १ फेब्रुवारीस तपासणाऱ्यास सर्व ठीक दिसते. अशा वेळी दोष खरा असूनही साक्षीदार खोटा ठरतो. आमच्या कारकुनांचे तेच झाले.

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. दिवस आधी, मग महिना, मग वर्ष, असा क्रम यंत्रास स्पष्ट सांगण्याची सोय ह्या भाषेत २००९ पासून आहे. तसेच वर्ष आधी लिहिण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ सालीच प्रसिद्ध झाला आहे. आज्ञावलीत पहिली दुरुस्ती झाली, परंतु आधीच उलटलेल्या तारखा कोणत्या, हे यंत्रास सांगता येईना. तेव्हा कपाटातील जुने जनरल रजिस्टर काढावे लागले. त्यात जन्मतारीख अंकी व अक्षरी अशी दोन्ही प्रकारे लिहितात, आणि 'सात एप्रिल' ह्याचे जुलै कोणालाही करता येत नाही. तीन दुपारी मी अक्षरी रकाना मोठ्याने वाचीत होतो व कारकून पडद्यावरील तारखेशी ताडून पाहत होते. त्या मुलीचे नाव दुसऱ्या दुपारी आले.