इटलीचा धुरकरी

माझा स्वभाव मुळात शांतताप्रिय आहे. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला दुसरा स्वभाव परवडतही नाही. आजवर मी लढलेली सर्वांत मोठी लढाई म्हणजे मार्चअखेरीस बावीस पैशांचा फरक शोधण्यासाठी रात्री अकरापर्यंत दिलेली झुंज. (फरक सापडला. माझाच होता.) त्यामुळे आमच्या घरातला एक माणूस चक्क दुसऱ्या महायुद्धात जाऊन आला होता, असं मी सांगितलं की सहकारी आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात.

हा माणूस म्हणजे आबाजी, माझे आजोबा. नरखेड तालुक्यात पाच एकर काळी जमीन, त्यात संत्र्याचा बगीचा, एक बंडी आणि एक बैलजोडी, एवढं त्यांचं साम्राज्य. बंडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात, आणि आबाजी पंचक्रोशीतले नामांकित धुरकरी होते. १९४२ साली नागपुरात भरतीच्या साहेबाने विचारलं, "गाडी चालवता येते का?" आबाजी छातीठोकपणे म्हणाले, "येते." कोणती गाडी, ते साहेबाने विचारलं नाही आणि आबाजींनी सांगितलं नाही. अशा रीतीने एक धुरकरी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये लॉरी-ड्रायव्हर झाला.

"पहिल्या दिवशी ब्रेक दाबाच्या ऐवजी 'हो हो हो' केलं," ते स्वतःच सांगत. "लॉरी काही थांबली नाही बाप्पा. भिंतीनं थांबवली."

त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे २५ लाख माणसं फौजेत गेली आणि सक्तीची भरती अशी नव्हती. कोणी पराक्रमासाठी गेले असतील. आबाजी सावकाराच्या व्याजासाठी गेले. बँकेतला माणूस म्हणून मला हे कारण अगदी पटतं. इराक, इजिप्त असं करत सप्टेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर ते इटलीच्या टाचेवर, तारांतो बंदरात उतरले. त्याआधी त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास नरखेड ते नागपूर, तोही बाजाराच्या कामाने.

आम्हा नातवंडांच्या अपेक्षा साहजिकच मोठ्या होत्या. वर्गात मास्तरांनी यशवंत घाडग्यांची गोष्ट सांगितली होती. १० जुलै १९४४ ला हाताखालची सगळी माणसं पडल्यावर हा मराठा नाईक एकटा मशीनगनवर चालून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच पडला. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवरून आणलं आणि मग एकट्याने तीन मशीनगन गप्प केल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. दोघेही इटलीत. आणि आमचे आबाजीही इटलीत! शाळा सुटल्यावर मी धापा टाकत घरी आलो.

"आबाजी, तुम्ही किती मारले?"

"चार."

माझ्या अंगावर काटा आला. "चार जर्मन?"

"चार कोंबड्या. लॉरीखाली आल्या. साहेबानं पगारातून पैसे कापले न."

त्यांचं महायुद्ध हे असं होतं. त्यात तोफा कमी आणि चिखल फार. सांग्रो नदीला नोव्हेंबरात पूर आला, लष्कराने बांधलेले पूल वाहून गेले, लॉऱ्या चाकांच्या आसापर्यंत रुतल्या, हे सगळं ते इतक्या आनंदाने सांगत की जणू पूर त्यांच्याच सोयीसाठी आला होता. "गोरे डोकं धरून बसले. मी म्हटलं, काहून घाबरता? आमच्या पांदणीत आषाढात बंडी काढून पाहा. मग फांद्या टाकल्या, चाकाखाली दगड लावले, अन् काढली गाडी." दारूगोळ्याची लॉरी पांदणीच्या विद्येने पुढे गेली, हे कुठल्या इतिहासकाराने लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्यांचा दुसरा आवडता विषय इटलीची संत्री. नरखेडचा माणूस परमुलखात संत्र्याची बाग बघून गप्प बसणं शक्य नव्हतं. "रंग बरा हाय, पण साल सोडतच नाही. नखं तुटते. आपलं संत्रं कसं? हात लावला का कपडे काढून तयार." यावर आजी स्वयंपाकघरातून खाकरायची.

त्यांना एक पदकही मिळालं होतं, 'इटली स्टार'. सहा टोकांचं, पितळी रंगाचं. आजी ते गडव्यासोबत चिंचेने घासायची. नवऱ्याच्या पराक्रमापेक्षा त्याच्या चकाकीचीच तिला काळजी.

१९४६ साली आबाजी घरी आले. निवृत्तिवेतन मिळायला पंधरा वर्षं नोकरी लागते, यांची झाली होती चार. म्हणून ते पुन्हा बंडीवर बसले. पुढे राज्य सरकार महायुद्धातल्या अशा माजी सैनिकांना मानधन देऊ लागलं, पण आबाजींनी अर्जच केला नाही. २००४ साली, बँकेत लागून मला वर्ष झालं तेव्हा, मी हे प्रकरण हातात घेतलं. नवा कारकून आणि कोरा फॉर्म यांच्यात एक नैसर्गिक ओढ असते. नोव्हेंबर होता. आंब्या बहाराची तोडणी सुरू होती. ओट्यावर संत्र्यांचा ढीग, शेजारी आबाजी आणि समोर मी, मांडीवर फाइल घेऊन.

त्यांनी पहिल्या तोडीचं एक संत्रं उचललं आणि नेहमीसारखं कोनाड्यात वेगळं ठेवलं. हे ते दरवर्षी करत. आम्ही समजायचो, देवाचं असेल.

"आबाजी, कुठल्या लढाईत होता ते लिहायचं आहे."

"सांग्रो लिही." मग जरा थांबून म्हणाले, "सातारा तिथंच राह्यला."

सातारा म्हणजे त्यांच्या लॉरीवरचा जोडीदार. फौजेत गावावरून हाका मारायचे. हा आबाजींना 'नागपूर' म्हणायचा.

"सोलाले सोपं संत्रं असते, हे त्याले पटेच ना. म्हणे, लढाई संपली का तुझ्या गावी येतो, दाखव. मग गोळा पडला. नदीच्या काठावरच जाळला आम्ही. लाकडं ओली होती रे. लवकर पेटेच ना."

मी काय केलं असेल? मी म्हणालो, "बरं. तुमचा फौजेतला नंबर सांगा." पुढचा रकाना तोच होता.

आबाजींनी नंबर सांगितला. अठ्ठावन्न वर्षांनंतरही एक आकडा चुकला नाही.

मानधन मंजूर झालं. दर नोव्हेंबरात आबाजी संत्र्यांची पिशवी घेऊन माझ्या शाखेत हयातीचा दाखला द्यायला येऊ लागले. "मी तुझ्यासमोर बसलो हाव, तरी जिवंत हाव म्हणून सही मांगतो?" असं म्हणून सही करत. शेवटची सही २००९ ची.

२०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावात यशवंत घाडग्यांचं स्मारक झालं, एक सूर्यघड्याळ, अशी बातमी वाचली. इटलीत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले आणि ५,७८२ परत आले नाहीत, असंही त्यात होतं. आकडा दिसला की मी खोलात जातो, तेवढीच विद्या मला येते. शोधता शोधता कळलं की सांग्रो नदीच्या युद्धस्मशानात, ज्यांना अग्नी दिला त्या हिंदी सैनिकांचंही एक स्मारक आहे. ५०० हून अधिक नावं कोरलेली. तिथे ओल्या लाकडांचीही कोणीतरी नोंद ठेवली होती म्हणायची.

मी उत्साहाने यादी काढायला बसलो, आणि हात थांबला. शोधायचं काय? 'सातारा'?

रोज काउंटरवर मी माणसांना नाव पूर्ण लिहा, वडिलांचं लिहा, आडनाव आधी घाला, म्हणून परत पाठवतो. वारसाच्या नावात वेलांटी चुकली तर खातं उघडत नाही. आणि त्या ओट्यावर, ज्याला ते नाव पाठ होतं तो माणूस समोर बसलेला असताना, मी ते विचारलं नाही. त्याचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

कोनाड्यातलं संत्रं आता मी ठेवतो. मुलगी आठवीत आहे. परवा तिने विचारलं, "बाबा, हे कोणाचं?"

मी तिला सगळं सांगितलं. चिखल, कोंबड्या, लाकडं, सगळं. शेवटी तिने विचारलं, "पण त्यांचं नाव काय होतं?"

तिला कारकून व्हायची गरज नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.