पहिल्या पाळीची बस

पहाटे साडेपाचच्या सुमारास जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर, चिंचवड ते निगडीच्या दरम्यान, कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग ऐंशीच्या दशकात लागायची आणि आजही लागते. तेव्हाच्या बसच्या दोन्ही अंगांवर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं असे. आता बस कुठल्यातरी ट्रॅव्हल्सची असते. पुढच्या काचेला आतून एक छापील कागद चिकटवलेला असतो, त्यावर कंपनीचं नाव आणि रूटचा नंबर. कागद काढला की तीच गाडी संध्याकाळी वऱ्हाड घेऊन मंचरला जायला मोकळी. आत बसलेल्या पोरांचंही पुष्कळसं तसंच आहे. खिशावर कंपनीचा बिल्ला दिसतो खरा, पण पगार काढतो काँट्रॅक्टर, आणि मुदत भरली की बिल्ला परत करायचा असतो.

माझे वडील ह्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत टर्नर होते. आयटीआय करून सातारा जिल्ह्यातून आले आणि काळेवाडीत गाववाल्यांच्या खोलीत राहिले. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाच अंथरुणावर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपायचा. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबानं. परमनंट झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. ते पत्र पुढे कायम रेशनकार्डाच्या पिशवीत असे, म्हणजे घरातल्या सर्वात मौल्यवान जागी. त्या एका कागदावर काय काय मिळायचं! वाण्याकडे उधारी, कामगारांच्या पतपेढीचं कर्ज, हप्त्यावर शिलाई मशीन आणि मुख्य म्हणजे बायको. "मुलगा कंपनीत आहे, परमनंट आहे" असं मध्यस्थानं सांगितलं की मुलीचा बाप जमिनीचे एकर विचारायचं विसरून जाई. हल्लीचे मुलीकडचे पॅकेज विचारतात, फ्लॅट विचारतात आणि एवढं झाल्यावर गावाकडे जमीन किती तेही विचारतात. त्यांना लोभी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते हिशेबी वाटतात.

हा पट्टा आपोआप उगवला नव्हता. पिंपरीच्या माळावर 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पेनिसिलीन बनवणारा सरकारी कारखाना. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी-पिंपरी-चिंचवडची माळरानं प्लॉट पाडून कारखान्यांना मिळू लागली. मुंबईत जागा उरली नव्हती आणि इथे पवनेचं पाणी होतं, रेल्वे होती, महामार्ग होता. आकुर्डीत बजाज आली, पिंपरीत टेल्को आली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. पुण्यात ट्रक बनण्याच्या आधी त्यांनी यंत्रं बनवणारा विभाग आणि प्रशिक्षण केंद्र उभं केलं. आधी माणूस, मग हत्यार, मग गाडी. त्या केंद्रातून निघालेले अप्रेंटिस पुढे सगळीकडे पांगले. कुणी कंपनीतच फोरमन झाला, कुणी भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ मांडून 'शॉप टाकलं' आणि जुन्या साहेबाकडूनच जॉबवर्क आणलं. राज्याच्या औद्योगिक ताकदीबद्दल बोलताना आपण मोठ्या कंपन्यांची नावं घेतो, पण त्या कंपन्यांना पाचशे तऱ्हेचे बुश, पिन आणि फ्लँज मिळत होते ते ह्या शेडवाल्यांकडून. त्यातला निम्मा माल एखाद्या माजी कामगारानं बायकोच्या दागिन्यांवर घेतलेल्या मशीनवर झालेला असे.

मला लहानपणची खंडेनवमी सर्वात जास्त आठवते. त्या दिवशी घरच्यांना कंपनीत सोडायचे. एरवी जिथे आमच्यासारख्यांना गेटवरचा वॉचमन उभं करत नसे, तिथे आम्ही इस्त्रीचे कपडे घालून आत जायचो. मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून बसवलेली असत. वडील आपल्या लेथपाशी नेऊन, "हे माझं मशीन," असं सांगत. मालक ते नव्हते, पण त्या 'माझं'मध्ये काही खोटंही नव्हतं. एकाच मशीनवर वर्षानुवर्षं काढलेला माणूस मशीनचा आवाज बदलला की न बघता ओळखायचा. आज खंडेनवमीची पूजा होते, प्रसादाचा बॉक्सही मिळतो. घरच्यांना मात्र आत सोडत नाहीत, आणि कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर गेटवरच स्टिकर चिकटवतात. शिवाय दाखवायचं तरी कुठलं मशीन? या महिन्यात वेल्डिंग लाइन, पुढच्या महिन्यात पेंट शॉप, त्यानंतर ब्रेक.

दिवाळीआधी कुठल्या कंपनीत किती बोनस ठरला ही पेपरातली बातमी असे. बाजारातले दुकानदार ती आमच्याआधी वाचायचे.

इथवर लिहून मी थांबलो, कारण मला माझाच संशय यायला लागला. स्मरणरंजनाला एक वाईट खोड असते. ते आपल्या घराच्या खिडकीतून दिसतं तेवढ्यालाच 'तो काळ' म्हणतं. आमच्या कंपनीच्या शॉपमध्ये बाई म्हणून कोणी दिसायचीच नाही, कॅन्टीनमध्ये भाजी निवडणाऱ्या दोघीतिघी सोडून. बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात कामाला ठेवायला कायद्यानंच मनाई होती, त्यामुळे तीन पाळ्यांच्या शॉपमध्ये त्यांना घेण्याचा विषयच निघत नसे. त्याआधीच्या मुंबईच्या गिरणगावाबद्दल आपण भजनी मंडळं, कामगार रंगभूमी असं भरभरून बोलतो. पण तिथल्या विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त होता, दलित कामगारांना शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि इतरांना विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला होता. आणि बीडकडची ऊसतोडीची माणसं? सहकारी साखर कारखान्यांनी पश्चिम महाराष्ट्राचा कायापालट केला हे खरंच आहे. त्या कारखान्यांचा ऊस तोडणारा 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेव्हाही मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिन्यांसाठी घर सोडत होता आणि आजही सोडतो. त्यांच्या बाबतीत तेव्हा आणि आता अशी तुलना करायला फारसं काही हाती लागत नाही.

ज्यांच्या बाबतीत लागतं त्यांच्याकडे परत येऊ. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर बसली. बऱ्याच गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले नाहीत. आमच्या चाळीत मुंबईहून परतलेले काका-मामा दिसू लागले. इथली कंपनीची माणसं त्यांच्याकडे हळहळून बघायची, पण आतून निर्धास्त असायची. आपलं इंजिनिअरिंग आहे, कापड नाही! सात वर्षांनी, 1989 च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी एका पहाटे त्यांना उचलून नेलं. त्या दिवसानंतर वडिलांच्या बोलण्यातला युनियनचा रुबाब कमी झाला. मग 1991 आलं, आयात-निर्यातीची दारं उघडली, नवी मशीन आली. दहा माणसांचं काम सीएनसीवर एक ऑपरेटर करू लागला. शतक बदलता बदलता व्हीआरएसच्या, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या, नोटिसा लागल्या.

व्हीआरएसचा पैसा कुठे गेला याचा कोणी नीट अभ्यास करायला हवा. मला आमच्या वसाहतीपुरतं माहीत आहे. काही पैसा रिक्षांत गेला, काही जास्त व्याजाच्या आमिषानं बुडाला, आणि बराचसा पोरांच्या इंजिनिअरिंगच्या फीत गेला. वसंतदादा पाटलांनी 1983 साली विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली होती. वीस वर्षांत ती कॉलेजं तालुक्यातालुक्यात पोचली. टर्नरच्या मुलानं इंजिनिअर व्हायचं आणि पाळीत नाही, जनरलला जायचं, हे चाळीतल्या प्रत्येक बापाचं ठरलं होतं. पुष्कळांचं साधलंही. हिंजवडीच्या आयटी पार्कात, तिथून बंगळुरूला, पुढे टेक्सासला गेलेली पोरं आमच्याच चाळीतली आहेत. म्हणून ह्या पिढीच्या वाट्याला नुसती पडझड आली असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आयटीतल्या पोरीनं चौथ्या वर्षी जेवढं मिळवलं तेवढं तिच्या बापाला निवृत्तीपर्यंत मिळालं नव्हतं. पण ज्यांचं आयटीत जमलं नाही ते मेकॅनिकलचे पदवीधर आज चाकणला त्याच लाइनवर नट आवळतात, जिथे पूर्वी आयटीआयवाला उभा राही. त्यांना 'ट्रेनी' म्हणतात, एवढाच मान.

तेव्हाही सगळे परमनंट नव्हते, हे सांगायला हवं. टेम्पररी असत, आणि 240 दिवस भरून परमनंटचा हक्क लागू नये म्हणून त्यांनाही ब्रेक मिळे. पण तेव्हाचा टेम्पररी रांगेत उभा असायचा. दोन-चार ब्रेक खाल्ले, फोरमनच्या नजरेत राहिला की कधीतरी आत जायचा. आता रांगच नाही. शिकाऊ योजना, काँट्रॅक्ट, ठरावीक मुदतीची नेमणूक अशी नावं बदलत जातात आणि पोरगा रांजणगावहून चाकणला, चाकणहून तळेगावला जातो. मधल्या दोन महिन्यांत खाण्याच्या ऑर्डरी पोचवतो. कर्ज मात्र तेव्हापेक्षा लवकर मिळतं. पतपेढीच्या पाच हजारांसाठी वडिलांनी दोन जामीनदार आणि चहाचे कित्येक कप खर्च केले होते. आज शोरूममध्ये अर्ध्या तासात बाइक दारात येते. हप्ते छत्तीस महिन्यांचे, नेमणूक अकरा महिन्यांची. सरकारनंही 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती वाढवून अकरा केली. अकरा हा आकडा आपल्याकडे कसा रुजलाय बघा.

कारखाने मात्र बंद पडतात तसे पुन्हा उघडतातही. आकुर्डीतल्या बजाजचं उदाहरण तर समोरच आहे. चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, लग्नात जावयाला ती कबूल करत. पुढे स्कूटर बंद पडली, 2007 साली आकुर्डीतलं उत्पादन थांबलं आणि गेटसमोरच्या वडेवाल्यांनी गाडे हलवले. 2022 साली तिथेच पुन्हा चेतक बनू लागली, विजेवर चालणारी, वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता असलेल्या नव्या कारखान्यात. पिंपरीत टाटा मोटर्सच्या, म्हणजे जुन्या टेल्कोच्या, मोठ्या गाड्यांच्या एका असेंब्ली लाइनवर तर पंधराशेच्या आसपास मुलीच काम करतात. गावाकडून आलेल्या बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुली टॉर्क रेंच हातात घेऊन उभ्या असतात. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. मग म्हणाली, "मलाही जमलं असतं." वडील काही बोलले नाहीत.

वडिलांना ईपीएस-95 ची पेन्शन मिळते. आकडा सांगायला ते लाजतात. 2014 पासून तिची किमान रक्कम महिना हजार रुपये आहे, आणि त्यांची त्याहून फार वर नाही. ज्या पत्रानं जन्माची खात्री दिली होती, ती पगार चालू होता तोवरची होती, हे साठीनंतर कळलं.

तरीही खात्रीची भूक गेलेली नाही, उलट वाढली आहे. ती आता वेगळ्या दारात उभी राहते. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले. 2024 च्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या घरातल्या जागांसाठी सतरा लाखांहून अधिक. अर्जदारांत इंजिनिअर होते, एमबीए होते. त्यावर शहाणी माणसं म्हणतात की मराठी पोरांना सरकारी नोकरीचा नाद आहे, धंद्याची हिंमत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये तिशीपर्यंत बसलेली पोरं बघितली की मलाही चीड येते. पण ती पोरं वेडी नाहीत. त्यांच्या बापांना पिंपरीत, नाशिकच्या सातपूरला, संभाजीनगरच्या वाळूजला जे खाजगी कंपनी देत होती, ते आता फक्त सरकार देतं असं त्यांना दिसतं, म्हणून ती तिकडे पळतात. देशाच्या उत्पन्नातला तेरा टक्क्यांहून अधिक वाटा ह्या एका राज्यातून येतो. आणि ह्याच राज्यात 2011 च्या जनगणनेनुसार काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शेतकरी किंवा शेतमजूर होते, आणि शेतीचा राज्याच्या उत्पन्नातला वाटा निम्म्याच्या आसपासही नाही. लातूर-परभणीचा मुलगा चाकणच्या काँट्रॅक्टला नाक मुरडत नाही ते एवढ्यासाठीच. गावातली मजुरी आणि हा पगार, यांत त्याला निवड करायची असते. बिहार-ओडिशाहून आलेल्याची निवडही तशीच आहे, फक्त त्याचं गाव आणखी लांब आहे.

मध्यंतरी भोसरीत वडिलांच्या एका जुन्या सोबत्याच्या शेडवर गेलो होतो. व्हीआरएसच्या पैशांवर दोन लेथ घेतलेला हा माणूस. आता चार व्हीएमसी आहेत, एसी केबिन आहे, मुलगा जर्मनीच्या प्रदर्शनाला जाऊन आलाय. काका चहा मागवून सांगू लागले की ऑर्डरी भरपूर आहेत, माणसं नाहीत. चांगला सेटर मिळत नाही, मिळाला तर शिकून सहा महिन्यांत पळतो. "आमच्यासारखं एका जागी तीस वर्षं काढायची आताच्या पोरांत धमकच नाही." मी विचारलं, "तुम्ही किती जणांना परमनंट केलंय?" काका म्हणाले, "चहा घे, गार होतोय."